सहलीचा खर्च आणि आमचा निळा पासपोर्ट

लेकीच्या इथल्या जर्मन शाळेतल्या वर्गाची सहल इंग्लंडला निघाली. बाकीच्या पालकांनी फोनवर एक अर्ज भरला आणि सोळा पौंड भरले. आम्हाला मात्र व्हिसा काढावा लागला.

एप्रिल 2025 पासून जर्मन पासपोर्टवाल्यांनाही ब्रिटनला जायच्या आधी ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. त्यावरून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतकी कुरकुर झाली की शेवटी मी फोन उपडा करून ठेवला. पासपोर्टचा फोटो काढायचा, मुलाचा काढायचा, पाठवायचा, की बहुतेकांना चहा संपायच्या आत उत्तर. तरी रडगाणं चालूच! माझ्या लेकीचा पासपोर्ट अजून भारताचा. तिच्यासाठी एकशे सत्तावीस पौंड पडले, म्हणजे चौदा हजार रुपयांच्या वर. शिवाय बँकेची स्टेटमेंटं, पगाराच्या स्लिपा, शाळेचं पत्र, आईबापांचं संमतीपत्र, इथल्या रहिवासी परवान्याची प्रत, आणि बोटांचे ठसे द्यायला एक दिवसाची रजा टाकून दुसऱ्या शहरात चक्कर. जन्मदाखल्याचं भाषांतर करावं लागलं नाही, एवढं सातारा नगरपालिकेचे आभार. त्यांचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्हींत असतो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, आम्ही तर नेहमीच हे करतो. बरोबर आहे. पण तिथे रांगेतले सगळेच आपल्यासारखे असतात. इथे वर्गात ती एकटी. जे काही वाटतं ते त्या एकटेपणाचं वाटतं, पैशांचं नाही. (पैशांचंही थोडं.)

खरा धक्का बसला तो पालकसभेत. इथे सहल ठरवायची म्हणजे संध्याकाळी सगळ्या पालकांना शाळेत बोलावतात आणि मग त्या सभेला अंत नसतो. आठवीची सहल आमच्या श्टुटगार्ट भागात बऱ्याचदा अशी असते: बसने रात्रभर प्रवास करून फ्रान्सचं कॅले बंदर, तिथून फेरीबोटीने इंग्लंडचं डोव्हर, मग दक्षिण किनाऱ्यावरच्या एखाद्या गावात इंग्रज कुटुंबांकडे राहायचं आणि एक दिवस लंडन. ब्रेक्झिटनंतर हे प्रकरण अवघड झालं. 1 ऑक्टोबर 2021 पासून ब्रिटनने युरोपीय ओळखपत्रावर प्रवेश देणं बंद केलं आणि ज्या मुलांनी जन्मात पासपोर्ट काढला नव्हता त्यांना तो काढावा लागला. त्यानंतर कितीतरी शाळा आयर्लंड नाहीतर माल्टाकडे वळल्या.

तर सभेत बाईंनी, म्हणजे वर्गशिक्षिकेने, सांगितलं की वर्गातल्या एका मुलीला व्हिसा लागणार आहे. नाव घेतलं नाही, पण वर्गात भारतीय एकच. दोन मिनिटं शांतता. मग एक बाबा म्हणाले, मग माल्टाला जाऊ. माल्टा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत आहे, तिथे हिला व्हिसाची गरज नाही. दुसऱ्या एका आईने मान डोलावली. तिसरीने लगेच फोनवर विमानाची तिकिटं बघायला सुरुवात केली. एका मुलीच्या पासपोर्टसाठी अख्ख्या वर्गाचा बेत बदलायला ही माणसं तयार होती, तीही अजिबात गाजावाजा न करता, जणू कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणून डब्यात शेंगदाणे नकोत इतक्या सहज.

मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. कशाला आमच्यामुळे? मी उठून म्हटलं की व्हिसा आम्ही काढू, जमेल, सहल इंग्लंडलाच जाऊ दे. वर हेही म्हटलं की भारतीय लोकांना व्हिसा काढायची सवय असते. थोडे हसले. शाळेला मदत करणारं पालकांचं मंडळ असतं, फ्योर्डरफेराइन, त्याच्या खजिनदार बाईंनी सभेनंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की व्हिसाचा खर्च मंडळ उचलू शकतं. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, पैसे त्यासाठीच असतात. मी पुन्हा नको म्हटलं. आमचा नवरा गाडीत म्हणाला, घ्यायचे होतेस, केक विकून जमवलेले पैसे आहेत आणि त्यातले निम्मे केक तूच भाजलेत. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मी घेतले नाहीत आणि आज विचारलं तरी घेणार नाही.

मग तो दुसरा प्रश्न, जो प्रत्येक सभेत कुणीतरी विचारतंच: तुम्ही जर्मन पासपोर्ट का नाही घेत? जून 2024 पासून इथला कायदा बदलला, पाच वर्षं राहिलं की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि जुनं नागरिकत्व सोडायची जर्मनीची अट आता नाही. त्यांना वाटतं, झालं की मग! पण भारताची अट आहेच. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. एक घेतलं की दुसरं जातं, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड घेऊन आपल्याच देशात शिरायचं. मोठ्यांचं एक वेळ ठीक, पण तेरा वर्षांच्या मुलीचं आपण का ठरवायचं? अठराची झाली की ती ठरवेल. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा समजावलंय की आता ते मला स्वतःलाही पटलेलं आहे.

खर्चाबद्दल बोलते. सहलीला माणशी पाचशेच्या आसपास युरो लागले. रुपयांत पन्नास हजार. माझ्या शाळेच्या सहलीला बाबांनी किती दिले असतील? एसटीची लाल गाडी, शैक्षणिक सहलीला निम्मं भाडं, रायगड नाहीतर अजिंठा-वेरूळ, रात्री एखाद्या धर्मशाळेत सतरंज्या. तरी वर्गातली चार-पाच मुलं यायचीच नाहीत. का येत नाहीत, हे कुणी विचारायचं नाही आणि आम्हालाही विचारावंसं वाटायचं नाही. ती मुलं त्या दिवसांत शाळेत यायची आणि दुसऱ्या तुकडीत बसायची.

इथे ते चालत नाही. पत्रकाच्या तळाशी एक ओळ असते: पैशांमुळे कुणीही मागे राहता कामा नये, अडचण असेल तर वर्गशिक्षिकेशी खासगीत बोला. सरकारी मदतीवर जगणाऱ्या किंवा कमी कमाईमुळे घरभाड्याला मदत मिळणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचा वर्गसहलीचा खर्च सरकार देतं, 2011 पासून तसा कायदाच आहे. शिक्षकांचंही तसंच. त्यांच्याकडून प्रवासभत्ता नको असं आधीच लिहून घ्यायची पद्धत होती, ती केंद्रीय श्रम न्यायालयाने 2012 मध्ये चुकीची ठरवली. आपल्याकडे सहलीला जाणारे गुरुजी एसटीत मागच्या सीटवर बसून उलट्या करणाऱ्या पोरांची डोकी धरायचे, त्यांना कुणी काय दिलं असेल कोण जाणे.

हे वाचून कुणाला वाटेल की मी जर्मनांच्या आरत्या ओवाळतेय. मग हेही ऐका. त्याच सभेत मुलांनी खाऊचे पैसे किती न्यावेत यावर जी चर्चा झाली, ती मला जन्मभर पुरेल. चाळीस युरो की पन्नास? पौंडात द्यायचे की युरोत? एका आईचं म्हणणं, पन्नास फार होतात, काही मुलं तेवढे आणू शकणार नाहीत आणि मग फरक दिसेल. ठीक. दुसऱ्या बाबांचं म्हणणं, लंडन महाग आहे, चाळीसमध्ये एक बर्गर आणि एक टी-शर्टसुद्धा होत नाही. तिसऱ्यांनी विचारलं, कार्डावरचे पैसे यात धरायचे का? मग कार्ड असावं का यावर वेगळी चर्चा. मग मोबाइल रात्री कुणाकडे ठेवायचे. मग कुणीतरी पुन्हा मूळ मुद्द्यावर आलं. मतदान झालं! हात वर करून! पंचेचाळीस ठरले. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं आणि खाली दुहेरी रेघ मारली. मी घरी येऊन भात लावला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते आणि आमची लेक विचारत होती, आई, मला साठ देशील ना?

आणि हीच माणसं, जी पाच युरोंवरून रात्र काढतात, तेरा वर्षांच्या मुलांना लंडनमध्ये तिघातिघांच्या गटाने मोकळं सोडायच्या कागदावर डोळे झाकून सही करतात. ठरलेल्या वेळी ठरलेल्या चौकात यायचं, बस. मी तो कागद दोन दिवस टेबलावर ठेवला. 2016 मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजची चौदा मुलं गेली, ती बातमी माझ्या डोक्यातून कधी गेलेली नाही. त्यानंतर आपल्याकडे सहलींवर किती नियम आले, किती शाळांनी समुद्राचं नावच टाकलं. मला ते समजतं. सही केली ती लेकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यामुळे.

ती परत आली आणि काय सांगत होती? टॉवर ब्रिज नाही. यजमान काकू डब्यात रोज पांढऱ्या पावाचं चीज सँडविच, वेफर्सचं एक पाकीट आणि एक सफरचंद देत होत्या. पाचही दिवस तेच. बीफ नको हे फॉर्ममध्ये लिहिलं होतं म्हणून काकूंनी जोखीम नको म्हणून तिला सरळ शाकाहारी करून टाकलं. आणि कॅलेला ब्रिटिश अधिकाऱ्याने सगळ्यांना बसमधून उतरवलं तेव्हा शिक्का फक्त तिच्याच पासपोर्टवर बसला. बाकीची मुलं म्हणे हळहळली, आम्हालाही शिक्का हवा होता. म्हणजे बघा. आई इकडे अपमान गिळून बसली होती आणि पोरगी तिकडे भाव खात होती.

लेक परतल्यावर थोड्याच दिवसांत, 17 जुलै 2025 ला, ब्रिटन आणि जर्मनीचा करार झाला आणि त्यात शाळांच्या सहलींचा प्रवास सोपा करायचं ठरलं. होऊ दे पुढच्यांचं भलं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण पुण्याहून आलेला भावजयीचा फोन. भाचीच्या शाळेने पुढच्या मे महिन्यात जर्मनीचा दहा दिवसांचा 'एक्स्चेंज प्रोग्राम' काढलाय. पावणेतीन लाख. "ताई, तुम्ही तिकडेच आहात, सांगा ना, पाठवू का?"

मी पत्रक मागवून घेतलं. फ्रँकफर्ट, हायडेलबर्ग, श्टुटगार्ट, म्युनिक, बर्लिन. राहायचं हॉटेलांत. एका शाळेला भेट, दीड तास. मी म्हटलं, अगं, यात एक्स्चेंज काय आहे? जर्मन मुलं तुमच्याकडे राहायला येणार आहेत का? नाही म्हणाली. मग ही गणवेशातली टूर आहे.

कारण अदलाबदल कशी असते ते आम्ही गेल्या वर्षीच पाहिलं. फ्रान्समधल्या एका गावातली मुलगी आठवडाभर आमच्याकडे राहिली. पहिल्या दिवशी तिने थालीपीठाकडे संशयाने पाहिलं, तिसऱ्या दिवशी लोणी वाढून मागितलं. मग आमची तिच्या घरी गेली. राहण्याजेवणाचा खर्च शून्य, कारण तू माझ्याकडे, मी तुझ्याकडे. लागलं ते रेल्वेचं तिकीट. आणि हे चाललंय कधीपासून? जानेवारी 1963 मध्ये पश्चिम जर्मनीचे चान्सलर आदेनाउअर आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांनी तरुणांच्या भेटींसाठी एक संस्थाच उभी केली. तेव्हापासून नव्वद लाखांहून जास्त मुलं अशी गेली-आली आहेत. एकमेकांच्या तीन युद्धांनंतर. ज्यांच्या आज्यांनी बॉम्ब ऐकले त्यांच्या नातवंडांना एकमेकांच्या घरात झोपायला पाठवलं. त्यापुढे पावणेतीन लाखांच्या हॉटेलांची काय किंमत?

हे मी भावजयीला जरा जोरातच सुनावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्हाला शेजारी फ्रान्स आहे हो, आम्हाला शेजारी कोण आहे?

यावर मला उत्तर सुचलं नाही. मुंबई-फ्रँकफर्ट तिकीटच पन्नास-साठ हजारांच्या पुढे. आणि सगळं आपल्याकडे वाईटच असतं असंही नाही. पुणे जिल्हा परिषदेने 2025 मध्ये आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेच्या मदतीने परीक्षा घेऊन जि.प. शाळांतली पंचवीस मुलं नासा बघायला पाठवायचं ठरवलं, सरकारी खर्चाने. ज्यांच्या घरातून कुणी पुण्याच्या पुढे गेलं नाही अशीही मुलं त्यात असतील. ही गोष्ट मी इथल्या खजिनदार बाईंना मुद्दाम सांगितली. त्या म्हणाल्या, फारच छान, आणि बाकीच्या मुलांचं? या बाईंना प्रत्येक गोष्टीत बाकीचे आठवतात.

भावजयीला शेवटी दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या, तुम्हालाही सांगते. शिक्षणासाठी जाणारे शाळकरी विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना शेंगेन व्हिसाचं शुल्क माफ असतं, अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार तेवढा भरावा लागतो. तर पावणेतीन लाखांत व्हिसा शुल्क धरलंय का, हे विचारा. आणि शाळेतली जी मुलं येऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी काही सोय आहे का, हेही विचारा. पहिला प्रश्न तिने विचारला, त्यांनी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. दुसरा विचारायचं तिला जमलं नाही म्हणाली.

पहिला हप्ता भावाने भरलाही. चालायचंच, एकुलती एक मुलगी आहे. श्टुटगार्टला त्यांचा दोन तासांचा मुक्काम आहे, मर्सिडीज म्युझियम. तिथल्या दारात मी गुळाच्या पोळ्या घेऊन उभी राहणार आहे. सहलीदरम्यान नातेवाइकांना भेटता येणार नाही असं पत्रकात ठळक अक्षरांत छापलंय. बघू कोण अडवतंय.