मुरगळलेला पाय चोळू नका!

आज सिंहगड उतरताना भाचीचा पाय मुरमावरून घसरला आणि तळवा आत वळला. बघता बघता घोट्याच्या बाहेरच्या हाडापुढे लिंबाएवढी सूज आली. ताकवाल्या मावशींनी तिला सावलीत बसवलं. मागून येणारे एक काका "ओढून बसवतो" म्हणत पुढे झाले. मायेनेच म्हणाले, पण मी म्हटलं, "काका, राहू द्या."

मुरगळण्यात बहुतेक वेळा काही सरकलेलं नसतं. हाडं बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणलेले किंवा फाटलेले असतात, बहुतेकदा बाहेरच्या बाजूचे. पहिले दोन-तीन दिवस चोळणं आणि गरम शेक, दोन्हींनी सूज वाढते. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधायचं, बोटं बधिर होत नाहीत ना ते बघायचं. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, पाय उशांवर उंच.

एक्स-रेसाठी डॉक्टर १९९२ साली कॅनडातल्या ओटावात तयार झालेले नियम वापरतात. घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड किंवा टोक दाबून बघतात, चार पावलं टाकता येतात का ते बघतात. हाड दाबल्यावर दुखलं किंवा पाऊलच टाकवेना, तर एक्स-रे काढायलाच हवा. भाची लंगडत का होईना, चालली. तरी उद्या डॉक्टरांना दाखवणार आहोतच.

दुखणं थांबलं की व्यायाम राहून जातो आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो, याची मला जास्त काळजी वाटते. सूज उतरली की रोज भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहायचं, मग हळूहळू हात सोडायचा, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.