दुखणं कमी झालं, बधिरपणा राहिला

दिवसभर कामाच्या नादात काही वाटायचं नाही. रात्री आडवी झाले की तळव्यांची आग आग व्हायला लागायची. मध्येच अंगठ्यातून एक कळ सुटायची आणि पोटरीपर्यंत जायची. पातळ चादरीचा स्पर्शही सहन होईना, म्हणून पाय पांघरुणाबाहेर काढून झोपायचे. टाइप २ मधुमेह बरीच वर्षं सोबत होता, पण साखर आणि पायांची आग यांचा संबंध माझ्या डोक्यात नव्हता. नेहमीच्या वेदनाशामक गोळीने काडीचाही फरक पडत नव्हता. तो का पडत नव्हता हे पुढे कळलं: सूज किंवा मार नव्हताच, मधुमेहामुळे दुखण्याची खबर देणारी नसच बिघडली होती आणि खोट्या खबरा पाठवत होती.

डॉक्टरांना मी फक्त आगीबद्दल सांगितलं. त्यांनी मात्र पहिला प्रश्न विचारला, "चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, असं होतं का?" होत होतं. मग त्यांनी मला टेबलावर झोपवून डोळे मिटायला सांगितले. "पायाला काही टेकलं असं वाटलं की 'हो' म्हणा." मी वाट बघत राहिले. बराच वेळ काहीच होईना, म्हणून म्हटलं, "डॉक्टर, करा ना सुरू." ते म्हणाले, "उजव्या अंगठ्याला आणि चवड्यावर तीन ठिकाणी लावून झालं." डोळे उघडून पाहिलं तर त्यांच्या हातात नायलॉनचा एक ताठ दोरा होता. त्याला मोनोफिलामेंट म्हणतात. १० ग्रॅमइतका दाब पडला की तो वाकतो, आणि तेवढा दाब कळत नसेल तर जखम झालेलीही कळणार नाही असं धरून चालायचं. नंतर १२८ हर्ट्झचा कंपन-काटा अंगठ्याच्या हाडावर टेकवला. घोट्यावर थरथर कळत होती, अंगठ्यावर नाही. आग होते त्याच पायाला स्पर्श कळत नाही, हे मला त्या टेबलावर पहिल्यांदा समजलं.

शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटांपर्यंत जातात. वाढलेली साखर नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करत राहते, आणि पहिला फटका या लांब नसांच्या टोकांना बसतो. म्हणून दोन्ही पायांत सारखंच, बोटांपासून सुरू होऊन वर चढत जातं. गुडघ्याच्या आसपास पोचलं की हाताची बोटं बधिर व्हायला लागतात. एकाच पायात त्रास असेल, झपाट्याने वाढत असेल किंवा पायातली ताकद आधी जात असेल, तर कारण दुसरं असू शकतं आणि ते शोधावं लागतं.

माझ्याही बाबतीत इतर कारणं तपासली: थायरॉइड, किडनी आणि बी-१२ जीवनसत्त्व. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही असाच बधिरपणा येतो. माझं कमी निघालं. इंजेक्शनं घेतली. आग त्याने गेली नाही, पण भरून काढता येणारं एक कारण तरी बाजूला झालं. तुम्ही मेटफॉर्मिनवर असाल तर ही तपासणी मागून घ्या. नसांच्या वेगाची तपासणी म्हणजे नर्व्ह कंडक्शन मात्र जाड नसांचीच खबर देते. आग आणि तापमान कळवणाऱ्या बारीक नसा तिच्या आवाक्याबाहेर असतात, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्रास खोटा ठरत नाही.

मला साखर ताबडतोब खाली आणायची होती. डॉक्टरांनी तिथेही थांबवलं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा टक्क्यांतला आकडा, तीन महिन्यांत दोन टक्क्यांहून जास्त घसरलं, तर त्या घसरणीनेच काही जणांच्या पायांची आग भडकते. तेव्हा साखर सावकाश, पण सातत्याने उतरवायची. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात टाइप १ मधुमेहात काटेकोर नियंत्रणाने नसांचा विकार होण्याचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी कमी झालं होतं. टाइप २ मध्ये नुसत्या साखरेने एवढा फायदा दिसत नाही. म्हणून रक्तदाब, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी, वजन, धूम्रपान हे सगळंच धरून चालावं लागतं.

आगीसाठी आधी प्रीगॅबालिन सुरू झालं, रात्री, अगदी लहान डोसने. झोप लागायला लागली, पण सकाळी डोकं जड आणि घोट्यांवर सूज. मग ड्युलोक्सेटिन दिलं. सुरुवातीला मळमळ झाली, जेवणानंतर घेतल्यावर ती निवळली. गॅबापेंटिन आणि अमिट्रिप्टिलिनही याच कामासाठी देतात. कोणाला काय द्यायचं हे किडनी, हृदय, काचबिंदू, लघवीचा त्रास हे बघून ठरतं, त्यामुळे शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालत नाही. यातली कोणतीही गोळी मनाने एकदम बंद करायची नाही. रोज रात्री मी दुखण्याला ० ते १० मधला आकडा द्यायचे आणि लिहून ठेवायचे. आकडा निम्म्यावर आला तरी ते चांगलं यश समजतात, हे आधीच सांगितलं होतं. माझा आला.

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी पुन्हा तो दोरा काढला. न जाणवलेल्या जागा तशाच मुक्या. "गोळीने दुखणं दाबलंय, नस बरी केलेली नाही," ते म्हणाले. गोळीशिवायच आग आपोआप थांबली तरी लगेच आनंद मानायचा नाही, कारण नस आणखी मेली की तीही गप्प होते. माझ्या मते या आजारात सगळ्यात आधी सांगायला हवं ते हेच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मोज्यावर रक्ताचा डाग दिसला. बुटात स्टेपलरची पिन होती, टोक वर करून तळाला रुतलेली. ती दिवसभर पायात टोचत होती आणि मला पत्ता नव्हता. मोजा फिक्या रंगाचा होता म्हणून डाग दिसला. आता फिके मोजेच घेते, घट्ट इलॅस्टिक नसलेले. बूट घालण्याआधी आत हात फिरवते. नवे बूट संध्याकाळी घेते, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात, आणि पहिले काही दिवस तासाभराहून जास्त घालत नाही. घरातही अनवाणी फिरत नाही.

रोज रात्री खुर्चीत बसून चांगल्या उजेडात पाय तपासते. तळवा दिसत नाही तिथे आरसा धरते. बोटांच्या बेचक्या उघडून बघते. तिथली ओल टिपते, पण क्रीम लावत नाही. बाकी पायाला लावते, कारण घाम आणणाऱ्या नसा बिघडल्या की कातडी कोरडी पडून भेगा पडतात. पाण्याचा अंदाज कोपराने घेते, गरम पाण्याची पिशवी पायाला लावत नाही. घट्टे आणि भोवऱ्या ब्लेडने कापत नाही. त्या दाखवून काढून घेते, कारण घट्ट्याखाली जखम दडलेली असू शकते.

फोड, काळसर डाग, वाहणारी जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल, सुजलेला वाटला तरी त्याच दिवशी, मग तो दुखत नसला तरी. हाडं आतून ढासळायला लागल्याची ती खूण असू शकते. त्याला शार्को फूट म्हणतात, आणि तेव्हा पायावर भार टाकत राहिलं तर पायाचा आकारच बिघडतो.

नसा फक्त पायांत नसतात. उठताना चक्कर, जेवल्यावर पोट तासन्‌तास भरलेलं वाटणं, लघवी अडखळणं, साखर गरजेपेक्षा खाली गेली तरी घाम-थरथर न होणं, हेही नसांच्या याच विकारामुळे होऊ शकतं. मला यातली उठतानाची चक्कर आहे. ते सांगितल्यावर डॉक्टरांनी बसून आणि उभं करून असा दोनदा रक्तदाब मोजला आणि रक्तदाबाच्या गोळीची वेळ बदलली.