करंट लावणारी बाई: आमची वाटचाल

2013 साली साताऱ्यात पोवई नाक्याजवळ दोन खाटा कशाबशा मावतील एवढा गाळा भाड्यानं घेतला. हातात फिजिओथेरपीची पदवी, आईच्या पाटल्या मोडून आलेले पैसे आणि तीन मशिनं. त्यातलं सगळ्यात मोठं कर्जावर. महिन्याभरात पेठेत माझं नाव पडलं, ‘करंट लावणारी बाई’.

लोक यायचे, पडायचे. दुखऱ्या जागी वीस मिनिटं मशीनचा हलका करंट, दहा मिनिटं शेक, की झालं. दहा दिवसांचे पैसे आगाऊ. घरी पोचेपर्यंत बरं वाटायचं, पुढच्या महिन्यात तोच माणूस तीच कंबर घेऊन परत. धंदा म्हणून बघाल तर झकास होतं. मशीन आपलं काम करतंय, मी फोनवर, हप्ता वेळेवर जातोय.

तिसऱ्या वर्षी एक चोवीस वर्षांचा मुलगा आला. फिरतीची नोकरी, दिवसभर बाईकवर. सकाळी उठल्यावर तासभर वाकता येत नाही, कामाला लागलं की मोकळं होतं, झोपून राहिलं की उलट वाढतं, पहाटे तीन-चारला दुखण्यानं जाग येते. हे सगळं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ऐकलं ते फक्त ‘बाईक’. चार महिने त्याला करंट लावला. शेवटी कुणीतरी त्याला पुण्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस निघाला. हा मणक्याच्या सांध्यांना सूज आणणारा आजार. औषधं लवकर सुरू करावी लागतात, व्यायाम तर जन्मभर. कॉलेजात या आजारावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं! तो भांडायला आला नाही. रिपोर्टची झेरॉक्स टेबलावर ठेवून म्हणाला, “मॅडम, तुमच्या फाईलला लावून ठेवा.”

ती लावलेली आहे. पण त्या आठवड्यात मी एक दोनशे पानी वही आणली आणि ठरवलं, नवीन पेशंटला पहिला एक तास बोलायला. मशीन बंद. झोप किती, कामात बसता की वाकता, घरात कुणाचं आजारपण, कुठली गोळी चालू आहे, याआधी काय काय करून झालं. रात्री वाढणारं दुखणं, कारण नसताना उतरलेलं वजन, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं यांतलं एक जरी दिसलं तरी हात न लावता डॉक्टरांकडे. पेशंट निम्मे झाले. “नुसत्या गप्पांचे पैसे घेतात,” अशी ख्यातीही झाली. त्यातच एका डॉक्टरांनी पाठवलेल्या पेशंटमागे कट मागितला. नाही म्हटल्यावर तिकडून येणारी चिठ्ठीच बंद झाली. ती दोन वर्षं घर नवऱ्याच्या पगारावर चाललं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याच काळात कोरेगाव बाजूच्या एक मावशी आल्या. शिवणकाम करायच्या. पाच वर्षं पाठ, मान, खांदे, कधी पोटऱ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, सगळं जवळजवळ नॉर्मल. “रिपोर्टात काय न्हाय म्हनत्यात. मग दुखतंय काय माझ्या मनात?” घरात सासू अंथरुणाला खिळलेली, रात्री तीनदा उठावं लागायचं. नवरा म्हणायचा, नाटकं करते.

मी त्यांना वस्तीवरच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. एकदा वस्तीवर चोरी झाली की कुत्रं पुढं वाळलं पान हललं तरी भुंकतं. भुंकणं खरंच असतं, चोर मात्र नसतो. शरीरातल्या नसा आणि मेंदू असेच जास्त जागे होऊन बसतात, आणि झोप मोडली की आणखीच. मावशी खळखळून हसल्या. “आमचं मोत्या असंच हाय.” आजारांच्या नव्या जागतिक वर्गीकरणात, म्हणजे 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या अशा वेदनेला स्वतंत्र नाव आहे. ते ‘नाटक’ नाही. उलटी बाजूही तेवढीच खरी. 2015 च्या एका आढाव्यात अजिबात न दुखणाऱ्या 3,110 लोकांचे स्कॅन मोजले होते. चाळिशीतल्या निम्म्या लोकांची डिस्क, म्हणजे मणक्यातली गादी, फुगलेली दिसली. म्हणून ‘गादी सरकली’ ऐकून कुणी रडत आलं, की मी आधी हा आकडा सांगते.

मावशींना सुरुवातीला दिवसातून दोनदा सात मिनिटं चालणं दिलं. दुखो न दुखो, सातच. चांगल्या दिवशी बारा नाहीत आणि वाईट दिवशी शून्य नाही. दर आठवड्याला एक मिनिट वाढवायचं. नवऱ्याला बोलावून घेतलं, रात्रीची एक पाळी त्याच्यावर टाकली. माझ्या मते अर्धा उपचार तोच. सात महिन्यांनी त्या परत शिलाई मशीनवर बसल्या. दुखणं पूर्ण गेलं का? नाही. दिवाळीत अजून उसळतं, पण आता त्या घाबरत नाहीत.

खेळाडूंकडे आम्ही वळलो ते ठरवून नाही. साताऱ्यात 2012 पासून हिल मॅरेथॉन होते, यवतेश्वरचा घाट चढून उतरायचा. उताराला मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात, त्यामुळे शर्यतीनंतर गुडघे धरून येणारे पुष्कळ. पण मला खरं शिकवलं पोलीस भरतीच्या पोरांनी. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं तर पूर्ण 20 गुण. एक पोरगा वर्षभर 5:45 ला अडकला होता. “मॅडम, टायमिंग हलतच नाही.” रोज सकाळ-संध्याकाळ जीव तोडून पळायचा, रात्री गोदामावर राखण, सकाळी चहा-खारी. एका पायावर टाच उचलायला लावली. उजव्यावर 26 वेळा, डाव्यावर 11. शाळेत कबड्डीत मुरगळलेला घोटा, लेप लावून सोडून दिलेला.

त्याला सांगितलं, आठवड्यातून दोनच दिवस जोरात, बाकी दिवस गप्पा मारता येतील एवढंच. पाठीवर ओझं घेऊन टाचा. शेंगदाणे-गूळ, अंडी, आणि मुकादमाला गाठून पाळी बदलून घे. हळू पळायचं म्हटल्यावर त्याला मी वेडी वाटले. दहा आठवड्यांनी 5:19. पूर्ण गुण नाहीच मिळाले, पण गोळाफेकीत कसर भरून काढली आणि भरती झाला.

पोरींच्या बाबतीत मी आणखी एक प्रश्न न चुकता विचारते, पाळी वेळेवर येते का. नडगी दुखते म्हणून आलेल्या एकीची पाच महिने आली नव्हती. पळणं वाढलेलं आणि खाणं निम्म्यावर आणलेलं. असं झालं की हाडंही झिजतात. ‘सहा आठवडे पळायचं नाही’ म्हटल्यावर तिचे वडील माझ्यावर खेकसले. आईनं मात्र दुसऱ्या दिवशी तिला बायकांच्या डॉक्टरांकडे नेलं.

मध्ये पाटीवर ‘होलिस्टिक’, म्हणजे सर्वांगीण, लिहावं असा सल्ला मिळाला होता. तीन महिने लिहिलंही. लोक तेलमालिश आणि रत्नं विचारायला यायला लागले, मग खोडलं. आता पाटीवर नुसतं फिजिओथेरपी आहे. आम्ही चौघी आहोत, जागा वरच्या मजल्यावर, थोडी मोठी.

कर्जावरचं ते मशीन अजून आहे, कोपऱ्यात कापड घालून. राजवाड्याकडच्या एक आजी करंटशिवाय जिना उतरतच नाहीत. मग आमचा सौदा ठरलाय. खुर्चीतून दहा वेळा हात न टेकता उठल्या, तर शेवटी दहा मिनिटं करंट. परवा आठवर थांबल्या आणि म्हणाल्या, “दोन उद्याच्यात धर गं.”