खोलीत शिरल्यावर आधी गादी

हॉटेलच्या खोलीत शिरले की माझी बॅग थेट बाथरूममध्ये जाते. नवरा दरवेळी हसतो. हसू दे. फरशीवर ढेकणांना लपायला जागा नसते, आणि असले तरी चटकन दिसतात.

मग मोबाईलचा टॉर्च लावून चादरीचा कोपरा उचलायचा आणि गादीची शिवण बोटाने उलगडून बघायची. तिथे शाईचे बारीक थेंब पडल्यासारखे काळे ठिपके दिसले, तर ती ढेकणांची विष्ठा. पूर्ण वाढलेला ढेकूण सुमारे 5 मिलिमीटरचा, म्हणजे साध्या डोळ्यांना दिसतो. पांढुरकी अंडी मात्र सहज नजरेतून सुटतात. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागेही डोकवायचं. ठिपके दिसले तर खोली बदलून मागायची, पण शेजारची किंवा बरोबर वरची-खालची नको. भिंतीतल्या फटींतून ही मंडळी आरामात प्रवास करतात.

ढेकणांमुळे माणसांत रोग पसरत असल्याचं सिद्ध झालेलं नाही. पण खाज आणि उडालेली झोप पुरेशी आहे की! शिवाय पोटात काही नसतानाही ते कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे एकदा घरात आले की हाकलणं महाकठीण.

चादरी, अभ्रे बहुधा बदललेले असतात. वरची ती शोभेची जाड रजई मात्र प्रत्येक पाहुण्यानंतर धुतली जातेच असं नाही. ती मी घडी करून खुर्चीवर ठेवते.

परतल्यावर कपडे 60 अंशांवर धुवायचे. ज्यांना ते सोसत नाही, ते कोरडेच ड्रायरमध्ये, अर्धा तास, कडक उष्णतेवर.