गाडी आली, चार्जर ठरला, अडलं ते ना-हरकतीवर

सांगलीत गावभागात आमची सोसायटी. मारुती चौकापासून चालत पाच मिनिटं. बारा फ्लॅट, खाली खांबांवरचं पार्किंग, लिफ्ट कधी चालू कधी बंद. माझी नोकरी तासगावला, रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं घरात फारशी वादावादी न होता ठरलं, कर्ज झालं, गाडी आली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते एका कागदाबद्दल. त्यावर चार ओळी आणि दोन सह्या हव्या होत्या, आणि आठवण आली की माझं डोकं अजूनही तापतं.

चार्जरचं आधी उरकते, कारण ते एका दुपारीच ठरलं होतं. शोरूमवाल्यांचा आग्रह भिंतीवर बसवायच्या सात किलोवॅटच्या चार्जरचा. त्यांच्याकडून पाहणीला आलेला मुलगा चांगला होता, पण त्याचा सगळा हिशोब “मॅडम, रात्रीत फुल होतीय की” एवढाच. मला रोज फुल करायचीच कुठे असते? पन्नास किलोमीटरला माझी गाडी साडेसात-आठ युनिट खाते. गाडीबरोबर मिळणारा तीन पिनांचा चार्जर सव्वातीन किलोवॅटच्या आसपास देतो, म्हणजे अडीच तासांत काम झालं. रात्री दहाला लावली तर एकच्या आत गाडी तयार. सात किलोवॅट घ्यायचा तर मंजूर भार वाढवा, बहुतेक वेळा थ्री-फेज करून घ्या, आणि एवढं करून गाडीच्या आतलं यंत्र जेवढं घेतं तेवढंच ती घेणार. भिंतीतून येणाऱ्या एसी विजेचं बॅटरीला लागणारं डीसी गाडीच्या पोटातच होतं, भिंतीवरचा डबा फक्त राखणदार. ज्या गाडीची आतली क्षमता सातची आहे तिला बावीस किलोवॅटचा डबा लावला तरी ती सातच घेईल. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

आमच्याकडे आणखी एक कारण होतं, ते म्हणजे कृष्णाबाई, आमची नदी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. त्या वेळची रेघ आमच्या पार्किंगच्या खांबावर अजून आहे आणि ती माझ्या डोक्याच्या वर आहे. २०२१ लाही पाणी आलंच. महापुरानंतर आम्ही सगळे मीटर पहिल्या मजल्याच्या जिन्यात हलवले. अशा जागी भिंतीवर महागडा डबा कायमचा ठोकून ठेवायचा आणि पुराच्या आदल्या रात्री तो उपसत बसायचं, हे मला पटेना. म्हणून खाली फक्त झाकणाचा जाड एसी बॉक्स (एअर कंडिशनरला लावतात तसा प्लगचा पॉइंट), चार्जर गाडीच्या डिकीत, आणि सगळं बंद करायचा मेन स्विच वर मीटरजवळ. पाण्याची बातमी आली की वरूनच बंद करायचं आणि गाडी विश्रामबागला पाहुण्यांच्या दारात नेऊन लावायची. नदीकाठी राहणाऱ्या कुणीही चार्जर निवडताना किलोवॅटच्या आधी पुराची रेघ बघावी, असं माझं ठाम मत आहे.

इथपर्यंत सगळं सुरळीत. वीज माझ्याच मीटरवरून, जागा माझ्याच नावची. मधे फक्त जिन्यातून पार्किंगपर्यंतची भिंत, ती सगळ्यांची. तेवढ्यासाठी सोसायटीची ना-हरकत हवी.

सेक्रेटरी काकांकडे अर्ज दिला. त्यांनी तो चष्मा वर करून वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, “बघू की. चेअरमनसाहेब पुण्याला गेल्यात, आल्यावर बोलतो.” चेअरमन आले. ते म्हणाले, हा विषय कमिटीचा नाही, वार्षिक सभेचा. सभा सप्टेंबरात. सभेला कोरम नाही, म्हणून रिवाजाप्रमाणे अर्धा तास तहकूब करून त्याच खुर्च्यांवर पुन्हा सुरू. माझा विषय पाण्याच्या टाकीनंतर, आणि टाकीवरच सगळ्यांचा आवाज बसला. इतिवृत्तात काय लिहिलं? “इलेक्ट्रिक गाडीच्या विषयावर चर्चा झाली.” बस. ना “हो”, ना “नाही”.

मग कागदांचा खेळ सुरू झाला. काका म्हणाले, फायर ब्रिगेडचं पत्र आणा. एका फ्लॅटधारकाच्या तीन पिनांच्या पॉइंटला असं पत्र कुणी देत नाही, हे मी सांगितलं. मग म्हणाले, बिल्डरचं आणा, लोड बिल्डिंगला झेपतो म्हणून. बिल्डर काम संपवून कधीच मोकळा झालाय, फोन उचलत नाही. मग म्हणाले, इन्शुरन्सवाल्यांचं आणा. आमच्या बिल्डिंगला इन्शुरन्सच नाही! हे त्यांनाही माहीत होतं. प्रत्येक वेळी मागितलेला कागद असा, की तो अस्तित्वातच नसावा. कुणी स्पष्ट “नाही” म्हणालं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे सगळे गोड. “मॅडम, आमचा विरोध नाही ओ, पण उद्या काही झालं तर?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही पूर्ण करीन.

दरम्यान गाडी चार्ज कशी होत होती? कधी नोकरीच्या ठिकाणी, कॉलेजमध्ये, शिपाईमामांच्या कृपेने, कधी विश्रामबागला. दुसऱ्या मजल्यावरून खाली एक्स्टेन्शन बोर्ड सोडायचा सल्लाही एकाने दिला. तो चुकूनही ऐकू नका. पंधरा अँपिअर सलग दोन-तीन तास ओढले की साधा बोर्ड आणि गुंडाळलेली वायर हाताला चटका बसेल इतकी तापते. ज्यांना आगीची भीती त्यांनीच हा सल्ला द्यावा, ही आणखी गंमत.

मी सरकारी कागद काढून नेले. ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचना म्हणत होत्या की घरच्या किंवा ऑफिसच्या असलेल्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती झाली, त्यात गाडीसाठी वेगळी जोडणीसुद्धा मागता येते. काकांनी सगळं वाचलं आणि म्हणाले, “हे वीज कशी घ्यायची त्याचं झालं. भिंतीतून वायर न्यायचं कुठं लिहिलंय?” राग आला, पण प्रश्न बरोबर होता. भिंत कुणाची, हे दिल्लीचा कागद ठरवत नाही.

कोंडी फुटली ती तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंमुळे. ते कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्स बघतात. जिन्यात भेटले आणि सगळ्या इमारतीत पहिल्यांदा कुणीतरी नीट विचारलं, “वहिनी, तुमचं ठीक आहे. पण बाराही जणांनी सात-सात किलोवॅट मागितले तर चौऱ्याऐंशी होतात. आपली खालची केबल तेवढी नाही. तेव्हा काय?” बाकीचे जिला “उद्या काही झालं तर” म्हणत होते ती खरी अडचण ही होती. पहिले दोघं मोठे चार्जर लावतात, सगळा भार खाऊन बसतात, आणि तिसऱ्याला कायमचं नाही म्हणावं लागतं.

मग आम्ही अर्जच बदलला. “मला परवानगी द्या” काढून टाकलं आणि सगळ्यांसाठी नियम लिहिला. एका फ्लॅटला साडेतीन किलोवॅटच्या आत. वीज ज्याच्या त्याच्या मीटरवरून. चार्जिंग रात्री दहानंतर. सगळ्या केबली एकाच मार्गाने, एकाच पट्टीतून, म्हणजे भिंत बारा वेळा फोडायला नको. काम परवानाधारक ठेकेदाराकडून, त्याचा टेस्ट रिपोर्ट सोसायटीच्या फाइलला. भाऊंनी फुलस्केपवर पेनानेच नकाशा काढला: मीटर, स्विच, केबल, बॉक्स, अर्थिंगचा खड्डा. पत्रांपेक्षा त्या नकाशाने जास्त काम केलं. लोक बोट ठेवून विचारायला लागले, “हे इथून आमच्या स्कूटरमागनं जातंय होय?”

तरीही शेवटचा खिळा बाकी होता. काकांनी मसुद्यात स्वतःच्या अक्षरात घातलं: “तात्पुरत्या स्वरूपात, सोसायटी सांगेल तेव्हा स्वखर्चाने काढून घेण्याच्या अटीवर.” केबल, पाइप, अर्थिंग, मजुरी धरून वीस हजारांच्या पुढे खर्च, आणि उद्या कुणाशी कचऱ्यावरून वाजलं की काढा म्हणणार? मी सही केली नाही. यावर आठवडे गेले. अखेर ठरलं की काढायला सांगायचं तर सर्वसाधारण सभेचा लेखी ठराव, त्यात कारण, आणि तीन महिन्यांची मुदत. ही ओळ ज्यांच्या ना-हरकतीत नसेल त्यांनी भांडून घालून घ्यावी. विशेष सभा लागली, ठराव झाला, दोन्ही सह्या पडल्या. मी तिथेच फोटो काढला, कारण फाइल हरवते हा आमच्या सोसायटीचा लौकिक आहे.

मग काम एका दिवसात. मिरजेच्या वायरमननी व्होल्ट मोजायचं मीटर लावून बघितलं तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये चौदा व्होल्ट. ते दोन-तीनच्या आत हवं, नाहीतर गाडी लाल दिवा दाखवून चार्जिंग नाकारते आणि लोक गाडीला शिव्या देतात. जुनी अर्थिंग महापुरातच सडली होती. नवा खड्डा केला, त्याचे पैसे निम्मे सोसायटीने दिले. सभेत याला मात्र कुणी “उद्या काही झालं तर” म्हणालं नाही. केबल सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची टाकली, गरजेपेक्षा मोठी. नियम पुढे बदलला तर भिंत पुन्हा उकरायला नको.

बिलाचं राहिलंच. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज केली तर घरगुती दरच लागतो, पण युनिट वाढले की १००, ३००, ५०० हे टप्पे ओलांडले जातात आणि वरचे युनिट महाग पडतात. माझे महिन्याला पावणेदोनशे ते दोनशे युनिट गाडीचे. घरात एसी असेल आणि फिरणं जास्त असेल तर वेगळी जोडणी परवडते का, ते स्थिर आकार धरून कागदावर मांडून बघा. मला नाही परवडली.

आता दुसऱ्या मजल्यावरच्यांनी स्कूटर बुक केलीय. ठरावाची झेरॉक्स मी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच असतो ना, आरसीसीबी, तो कोटेशनमध्ये ३० मिलिअँपिअरचा ‘टाइप ए’ असं लिहूनच घ्या, नाहीतर वायरमन साधा लावून मोकळा होतो. काकांनी त्यांच्याकडे अजून तरी कुठलं पत्र मागितलेलं नाही.