आकडा आल्यावर हलायचं: प्रायमरीची मोजणी, डिसेंबर ते मे

पाच महिने झाले, अष्टांग योगातलं एकही नवीन आसन घेतलेलं नाही. सेकंड सिरीजचं, म्हंजे आसनांच्या दुसऱ्या मालिकेचं, पाशासन सुरू करायचं डोक्यात होतं, ते बाजूला ठेवलं आणि डिसेंबरपासून फक्त मोजणी धरलीय. म्हंजे कुठल्या आकड्याला श्वास घ्यायचा, कुठल्याला सोडायचा आणि मधल्या मधे आपण किती जादा श्वास घेतो ते बघायचं. इथं बरेच जण घरी एकटेच सराव करतात, म्हणून जे सापडलं ते सगळं लिहून ठेवतोय.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, दिवसभर हातात व्हर्नियर आणि समोर कास्टिंग. सहा वर्षं रोज सकाळी मॅटवर उभा राहतोय, पण 'पाच श्वास' हे माप आपण कधी तपासलंच नाही हे एक दिवस कामावर असतानाच लक्षात आलं. मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फोन मॅटच्या कडेला ठेवला, पंखा बंद केला, व्हॉइस रेकॉर्डर चालू करून अख्खी प्रायमरी, म्हंजे ठरलेल्या क्रमाची पहिली मालिका, केली आणि संध्याकाळी हेडफोन घालून वहीत सेकंद उतरवत बसलो. श्वासाचा आवाज इतका स्वच्छ येतो त्यात की चूक लपतच नाही.

पश्चिमोत्तानासनात माझे पाच श्वास 41 सेकंदांचे. मरीच्यासन डी मधे तेच पाच श्वास 19 सेकंदात संपलेले. नावासन पहिल्या फेरीला 15 आणि पाचव्या फेरीला 9 सेकंद, आणि शेवटी उत्प्लुति, म्हंजे पद्मासन हातांवर उचलून जिथं दहा श्वास धरायचे तिथं दहाचे दहा 24 सेकंदात. आणि हे सगळं मी रोज मनापासून 'पाच झाले, दहा झाले' म्हणत करत होतो. खोटं मोजत नव्हतो, पण जिथं आसन सुखाचं तिथं श्वास लांब आणि जिथं पोटात आग पेटली तिथं आकडे पटापट, असं चाललेलं. ती वही बघून त्या रात्री खरंच वाईट वाटलं.

मग मुळापासून सुरुवात केली. आपल्याकडं मोजणी दोन प्रकारची आहे आणि मी दोन्हीची खिचडी केली होती. एक म्हंजे आसनात थांबल्यावरचे पाच श्वास. दुसरी, खरी जुनी मोजणी, विन्यासाची: एकम्, द्वे, त्रीणि, चत्वारि... इथं आकडा हालचालीचा असतो आणि प्रत्येक हालचालीला एकच श्वास, घेतलेला किंवा सोडलेला. अष्टांगाचे गुरू पट्टाभि जोइस यांच्या योगमालेत (मूळ कन्नड, 1962) प्रत्येक आसनाला किती विन्यास आणि त्यातला कितवा विन्यास म्हंजे त्या आसनाची 'स्थिती', जिथं थांबायचं ती जागा, हे दिलेलं आहे. त्यांचे गुरू कृष्णमाचार्य यांच्या 1934 च्या योगमकरंदातही आसनांचे विन्यास आकड्यांनीच सांगितलेत.

सूर्यनमस्कारापासून धरलं. आपण शाळेत घालतो तो बारा अंकांचा, ओम मित्राय नमः वाला, साष्टांग दंडवत असलेला. अष्टांगातला ए नऊ विन्यासांचा आणि बी सतरा. ए मधे एकम् ला श्वास घेत हात वर, द्वे ला सोडत खाली, त्रीणि घेत मान वर, चत्वारि सोडत मागे चतुरंग, पंच घेत ऊर्ध्वमुख, षट् सोडत अधोमुख आणि तिथं पाच श्वास, मग सप्त घेत पुढे, अष्टौ सोडत, नव घेत वर, समस्थिती. विषम आकड्याला घ्यायचा, सम आकड्याला सोडायचा. बी मधेही शेवटपर्यंत हेच, सतराव्याला श्वास घेतच उत्कटासनात यायचं. हे डोक्यात बसल्यावर पहिला महिना मजेत गेला.

बसलेल्या आसनांत आल्यावर मात्र अडकलो. जानुशीर्षासन ए ला बावीस विन्यास, पण लेड क्लासच्या, म्हंजे शिक्षक आकडे म्हणतो आणि सगळे एकदम करतात त्याच्या, रेकॉर्डिंगमधे आकडा विंशतिः लाच थांबतो आणि पुढचं आसन सरळ सप्त पासून. मला दोन-तीन आठवडे कळंना की एकवीस आणि बावीस कुठं गेले आणि पुढच्या आसनाचे एक ते सहा कुणी मोजले. शेवटी कागदावर मांडल्यावर उलगडलं. प्रत्येक आसन खरं तर उभं राहून समस्थितीपासून सुरू होतं आणि समस्थितीलाच संपतं. एक ते सहा म्हंजे सूर्यनमस्कारासारखं अधोमुखापर्यंत येणं, सप्त ला उडी मारून हातांमधून आत. शेवटचे दोन म्हंजे पुढे उडी, आणि वाकून मग उभं राहणं. आपण रोज करतो तो अर्धा विन्यास, अधोमुखातनंच पुढच्या आसनात जातो, म्हणून ते दोन आणि पुढचे सहा गाळले जातात. पश्चिमोत्तानासनाचंही तसंच, विन्यास सोळा, स्थिती नवव्याला, आणि आपण चौदालाच पुढं सरकतो. जे मोजलं जात नाही तेही त्या आकड्यात धरलेलंच आहे, हे कळलं त्या दिवशी कामावर जाताना गाडीवर मी आकडेच म्हणत होतो.

अजून एक गोष्ट, ही कुणी वेगळी काढून सांगितलेली मला भेटली नाही, तुम्ही ताडून बघा. जानुशीर्षासनात सम-विषमचा नियम दश ला मोडतो. सप्त घेत आत येऊन पाय पकडला, अष्टौ सोडत वाकलो, पाच श्वास, नव घेत मान वर. आता इथं एक श्वास सोडायचा आहे आणि त्याला आकडाच नाही. त्यानंतर दश ला परत घेत उचलायचं. त्यामुळं दश पासून सगळं उलटं होतं, सम आकड्याला घेणं आणि विषमला सोडणं: एकादश सोडत चतुरंग, द्वादश घेत, त्रयोदश सोडत अधोमुख, चतुर्दश घेत डाव्या बाजूला आत, पंचदश सोडत वाकणं. षोडश ला मान वर, तिथं परत एक बिनआकड्याचा सोडलेला श्वास, आणि सप्तदश घेत उचललं की गाडी पुन्हा विषम-सम वर. माझे सगळ्यात जास्त जादा श्वास बरोबर या दोन बिनआकड्याच्या जागांवर सापडले. एक सोडायचा तिथं मी सोडत होतो, मग परत घेत होतो, शॉर्ट्स सारखी करत होतो, परत सोडत होतो आणि मग उचलत होतो.

आकडे पाठ करायला आईनं मदत केली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आता रिटायर्ड. मी स्वयंपाकघरात उभा राहून द्वादश त्रयोदश घोकत होतो तर म्हणाली, "अरे तिथी म्हण की, एकादशी, द्वादशी, त्रयोदशी, चतुर्दशी, तुझ्या तोंडात आहेतच त्या." आणि खरंच, दहा मिनिटांत बसलं. जानुशीर्षासनाची उजवी स्थिती अष्टमीला आणि डावी पंधराव्या तिथीला, म्हंजे पौर्णिमेला किंवा अमावस्येला. ज्या दोन तिथींना आपण सराव बंद ठेवतो त्याच. आता मी हे विसरणं शक्य नाही. एकोणिसाला अडखळत होतो तेही तिनंच सोडवलं, एकोनविंशति म्हंजे विसाला एक उणा, आपलं एकोणीस त्यातनंच आलंय म्हणाली. मराठी माणसाला ही मोजणी परकी नाहीच, घरातलीच आहे.

मधे जानेवारीत मोठी चूक केली ती लिहितो, कारण घरी एकट्यानं करणाऱ्यांची हीच होणार. जादा श्वासांना मी वहीत 'चोरटे' असं नाव दिलं आणि रोज रेकॉर्डिंग ऐकून त्यांची संख्या लिहायला लागलो. पहिल्या दिवशी 112. मग तो आकडा कमी करायच्या नादात मी आसनात शिरायची घाई करायला लागलो, एका श्वासात मरीच्यासन सी बांधायचं म्हणून खांदा ओढून हात मागं न्यायचा, श्वास तोकडा, आवाज घोगरा. चोरटे 60 वर आले, पण पश्चिमोत्तानासनाचे 41 सेकंद 26 झाले, आणि उजव्या खांद्याच्या मागं दुखायला लागलं. पुण्यात ज्या क्लासमधे मी पहिल्यांदा शिकलो तिथं लेड असाच पळवायचे, आकडा आधी आणि माणूस मागं धावतोय, ती सवय अंगात राहिलेली असणार. दहा दिवस फक्त उभी आसनं आणि शेवटची बंद करणारी एवढंच केलं.

त्या दहा दिवसांत आबा आले वरच्या खोलीत. आबा म्हंजे माझे वडील, एक्काहत्तर वर्षांचे, तरुणपणी पेठेतल्या तालमीत होते, पाचशे जोर आणि हजार बैठका रोजच्या. योगाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत पण कधी बघायलाही आले नव्हते. मी त्यांना वही दिली, आकडे मोठ्या अक्षरात लिहून, आणि म्हटलं तुम्ही म्हणा, मी करतो. खुर्चीत बसून, चष्मा लावून, त्यांनी सूर्यनमस्कार ए पाच वेळा मोजला. एकम् म्हणायचे आणि माझ्याकडं बघत थांबायचे. तिसऱ्याला वही मिटली आणि म्हणाले, "लेका, मी द्वे म्हणायच्या आधीच तू खाली चाललायस. तालमीत असं केलं असतंस तर वस्तादानं पाठीत बुक्की घातली असती. आकडा आला की हलायचं, तवर थांबायचं." मी म्हटलं आबा, श्वास संपतो ना तोवर. तर म्हणाले, "संपत न्हाई, तू टाकतोयस. दम राखायचा असतोय."

दम हा आपल्याकडं किती मोठा शब्द आहे बघा, श्वासालाही दम आणि ताकदीलाही दम, आणि गाणाऱ्याचा तो दमसास. आबांनी एवढंच सांगितलं आणि दुधाच्या कट्ट्यावर निघून गेले, पण माझी सगळी मोजणी त्या दिवसापासून फिरली. मी चोरटे श्वास मोजायचे थांबवले आणि श्वास आकड्याला पुरवायला लागलो. एकम् म्हटल्यावर हात निघतात तेव्हाच श्वास निघायचा, आणि हात वर जोडले जातात तेव्हाच तो भरायचा, आधी नाही. हे वाचायला सोपं आहे. करून बघा, हात पोचायच्या आधीच छाती भरलेली असते आणि मग वर जाऊन माणूस नुसता थांबलेला असतो.

फेब्रुवारीपासून आबा आठवड्यातनं दोनदा मोजतात. रविवारी नाही, रविवारी ते जोतिबाला जातात. आता वही लागत नाही त्यांना, आणि पाच श्वास धरताना ते बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत मोजतात, जपासारखं. बाकीचे दिवस शरथ जोइस, म्हंजे पट्टाभि जोइसांचे नातू, यांच्या लेडचा ऑडिओ लावतो. ते 11 नोव्हेंबर 2024 ला गेले, आणि त्यानंतर बरेच दिवस तो ऑडिओ मला लावताच आला नव्हता. आता लावतो. त्या आवाजात अष्टौ आणि नव मधलं अंतर सोप्या आसनात जेवढं तेवढंच अवघडात, मी वॉच लावून तपासलंय, माझ्या कानाला तरी फरक सापडला नाही.

चैत्र पौर्णिमेला सराव बंदच होता, घरातले सगळे यात्रेला डोंगरावर, मी मागं राहून आतापर्यंतची वही एकत्र काढली. पश्चिमोत्तानासन 40 सेकंदांवर परत आलंय. मरीच्यासन डी 33. नावासन पहिल्या फेरीला 34 आणि पाचव्याला 27, इथं अजून काम आहे, चौथ्या फेरीत उचलून परत बसताना श्वास कुठं सोडायचा तेच हरवतं. चोरटे 31, त्यातले जवळजवळ अर्धे सुप्त कूर्मासन आणि गर्भ पिंडासनात, आणि ते मला सध्या चालतील, तिथं हात पायांमधून घालायला एक श्वास माझ्या शरीराला पुरत नाही आणि जबरदस्ती मी परत करणार नाही. पूर्ण प्रायमरीचा वेळ 1 तास 55 मिनिटांवरून 1 तास 28 वर आला, श्वास लांब होऊनही, म्हंजे आधीचा तो अर्धा तास कपडे सारखे करण्यात, घाम पुसण्यात आणि उभं राहून विचार करण्यात जात होता.

खांद्याचं दुखणं मार्चमधेच गेलं. मरीच्यासन सी आता मी हात मनगटाला न धरता, बोटांना बोटं लावूनच थांबतो आणि श्वास लांब ठेवतो. ज्यांना सांध्याचं काही आहे त्यांनी बांधायच्या आधी हे करून बघा, फरक पडतो.

उत्प्लुतिचं शेवटी लिहितो, कारण मला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच आहे. 24 सेकंदांचे दहा श्वास होते ते. परवा आबा मोजत होते, मी पद्मासन उचललं, आठपर्यंत हात थरथरत होते, नऊ म्हणून ते थांबले आणि चष्म्यातनं बघत राहिले, मी धरलेलंच होतं, मग सावकाश दहा म्हणाले. खाली बसलो तर फोनवर 61 सेकंद. आबांनी काही म्हटलं नाही, खुर्ची भिंतीला लावली आणि जाताना विचारलं, "उद्या किती वाजता?"

पुढच्या महिन्यात पाऊस सुरू होईल, मॅट वाळत नाही आणि वरच्या खोलीत ओल येते, तेव्हा खाली माजघरात हलवावं लागेल. तोवर नावासनाची पाचवी फेरी 30 वर न्यायची आहे. कुणी आपली स्वतःची रेकॉर्डिंग ऐकून आकडे काढले असतील तर जरूर टाका, खास करून त्या दोन बिनआकड्याच्या श्वासांच्या जागी तुमचं काय होतं ते.