पॉलिश पेपर मारलेली तलवार

वेंगुर्ल्याच्या काकांनी आतल्या खोलीतून तलवार आणून हातात दिली, पातं एकदम चकचकीत! "दसऱ्याक पॉलिश पेपर मारून घेतलंय. शिवकालीन आसा, आमचो आजो सांगी."

पोटात खड्डाच पडला. पातं सरळ, मधोमध लांब खाच, म्हणजे फिरंग (युरोपातून आलेल्या पात्याची तलवार) असायची दाट शक्यता. १६व्या-१७व्या शतकात जर्मनीतल्या सोलिंगेनसारख्या गावातली पाती पोर्तुगीजांच्या जहाजांवरून आपल्याकडे यायची आणि इथले कारागीर लाख भरून त्यांना देशी मूठ बसवायचे, त्यामुळे पात्याचं वय वेगळं आणि मुठीचं वेगळं असू शकतं. मुठीजवळ कधीकधी बनवणाऱ्याची खूण सापडते, पळता लांडगा नाहीतर दातेरी चंद्रकोरी (त्या कोरींची इथेही नक्कल व्हायची, त्यामुळे नुसत्या खुणेवर भागत नाही). आणि इथे नेमकी तीच जागा घासून गुळगुळीत!

काकांची माया खरी आहे हो, दरवर्षी पूजा करतात मनापासून. पण आपल्या खाऱ्या हवेत गंज धरू नये म्हणून हलक्या तेलाचा हात फिरवला तरी पुष्कळ झालं.

तुमच्या घरी असेल एखादी, तर घासण्याआधी मुठीजवळचे नीट फोटो तरी काढून ठेवाल ना?